सव्वादोनशे किलोमीटरांतले पहिले चार

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं जे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे, ते शर्यतीच्या शेवटाचं आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतल्या आयर्नमॅन शर्यतीत ज्युली मॉस ही तरुणी महिलांमध्ये आघाडीवर होती. रेषा डोळ्यांसमोर असताना तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली आणि अखेर हातापायांवर रांगत पोचली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे जाऊन जिंकली होती. एबीसी वाहिनीने ते दृश्य अमेरिकेत घरोघर दाखवलं आणि या खेळाकडे लोकांचा ओघ लागला. त्या दृश्याने या खेळाची व्याख्याच ठरवून टाकली: ट्रायथलॉन म्हणजे थकव्याशी झुंज, आणि ती झुंज धावण्याच्या शेवटच्या तासात लढायची. तयारीचं वेळापत्रकही मग याच समजुतीवर बेतलं जातं. आठवड्यातले बहुतेक तास सायकलला आणि धावण्याला जातात, उरलेसुरले पोहण्याला. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. सायकलवर किंवा धावताना माणूस थकला तर थांबू शकतो, सावलीत बसू शकतो, शर्यत सोडून घरी जाऊ शकतो. समुद्रात किंवा तलावाच्या मध्यावर यातलं काहीच इतकं सहज नसतं. म्हणून खुल्या पाण्यात शांतपणे, घाबरल्यावरही सावरून पोहता येणं ही या तयारीची पहिली पायरी आहे, आणि ती पक्की झाल्याशिवाय शर्यतीचं नाव नोंदवू नये.

आधी अंतरं पाहू. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं एकापाठोपाठ एक, एकाच दिवसात पुरं करायचं असतं. सर्वसाधारण मुदत १७ तासांची. त्यात पाण्यातून बाहेर यायला २ तास २० मिनिटं. याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीला मैलांतल्या बेरजेवरून ७०.३ म्हणतात. आयर्नमॅनच्या नावाने भारतात पहिली शर्यत झाली ती या निम्म्या अंतराची, ऑक्टोबर २०१९ मध्ये, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. कोल्हापुरातली बर्गमन ११३ ही शर्यतही त्याच अंतराची आहे. तिच्या नावातला आकडा किलोमीटरांचा. मात्र तीन टप्प्यांचं हे प्रमाण कुणी शरीरशास्त्र पाहून ठरवलेलं नाही. १९७८ साली ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याची पत्नी ज्युडी हिने तिथे आधीपासून होत असलेल्या तीन निरनिराळ्या स्पर्धा एका दिवसात जोडल्या: वायकीकीच्या समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकलफेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन. १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. वायकीकीची शर्यत पोहणाऱ्यांसाठी स्वतंत्र आव्हान होती, तिची तयारी वेगळी करावी लागे. सायकल आणि मॅरेथॉनच्या शेजारी आणून ठेवल्यावर तेच अंतर किरकोळ दिसू लागलं. २२६ किलोमीटरांत पोहण्याचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि पंधरा तासांत शर्यत पुरी करणाऱ्याच्या वेळेत साधारण दहावा.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडला पाहिजे. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचे हृदयरोगतज्ज्ञ केव्हिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ ते २०१६ या काळात त्या देशातल्या सर्व अंतरांच्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय अचानक बंद पडण्याच्या घटना गोळा केल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा १३५ घटना नोंदल्या आहेत. त्यातल्या ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या, म्हणजे तीनांत दोन. त्याआधी २०१० मध्ये याच गटाने २००६ ते २००८ या तीन वर्षांतले मृत्यू तपासले होते. १४ पैकी १३ पाण्यात झाले होते. २०१७च्या अभ्यासातल्या बळींमध्ये बहुसंख्य पुरुष होते, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास, आणि ज्यांच्या पूर्वानुभवाची माहिती मिळाली त्यांच्यातले तीनांत एकाहून अधिक जण पहिल्यांदाच ट्रायथलॉनला उतरलेले. दोन टक्के अंतर, दहा टक्के वेळ आणि दोन-तृतीयांश मृत्यू. हे आकडे एकत्र वाचले की सरावाचे तास अंतराच्या प्रमाणात वाटण्यामागची समजूत टिकत नाही.

पाण्यातच असं का होतं, याची कारणं बरीचशी उलगडली आहेत. माणूस पाण्यात आडवा झाला की बाहेरच्या दाबामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. हृदयाला आणि फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांना एकदम जास्त रक्त सांभाळावं लागतं. त्यात जोर लावून पोहणं, थंड पाणी, छातीला घट्ट बसलेला वेटसूट किंवा मुळातला उच्च रक्तदाब यांची भर पडली तर काही जणांच्या फुप्फुसांत पाणी झिरपू लागतं. हे पाणी गिळलेलं नसतं, ते शरीरातलंच असतं. खोकला, श्रमाच्या मानाने फारच जास्त धाप, कधी गुलाबी फेस ही त्याची लक्षणं. नवख्याला वाटतं की आपला दम कमी पडतोय, आणि तो अधिक जोर लावतो. इथेच धोका वाढतो. थंड पाण्याचं वेगळं आहे. अंगाला गारठ्याचा झटका बसताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि हृदयाचे ठोके वाढतात. त्याच क्षणी चेहरा पाण्यात बुडाल्यामुळे दुसरी एक प्रतिक्रिया ठोके कमी करायला बघते. ब्रिटनमधल्या माइक टिप्टन आणि मायकल शॅटॉक या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं की या दोन विरुद्ध आज्ञा एकाच वेळी पोचल्या तर निरोगी माणसाच्या हृदयाची लयही बिघडू शकते. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी कोमट असतं, तेव्हा ही अडचण मिरामारला नाही. पण इथे सराव करून युरोपातल्या शर्यतीला जाणाऱ्या मराठी खेळाडूला ती नेमकी तिथे, आयुष्यात पहिल्यांदा, शर्यतीच्या सकाळी भेटू शकते. दिलासा एवढाच की टिप्टन यांच्याच प्रयोगांत थंड पाण्यात काही मिनिटांच्या मोजक्या बुड्या घेतल्यावर हा झटका बराच कमी झाला आणि सवयीचा परिणाम काही महिने टिकला. म्हणजे परदेशी शर्यतीच्या दोन-चार दिवस आधी पोचून तिथल्या पाण्यात रोज थोडा वेळ उतरणं हा प्रवासाच्या खर्चातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

तिसरं कारण कुठल्याही तपासणीत दिसत नाही, आणि नवख्यांच्या बाबतीत मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं: श्वासावरचा ताबा सुटणं. धावताना धाप लागली की श्वास आपोआप वाढतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फ्रीस्टाइल पोहताना मात्र श्वास हाताच्या फेऱ्याला बांधलेला असतो. तोंड पाण्याबाहेर येईल तेव्हाच तो घेता येतो, आणि त्याआधी पाण्यात पूर्ण सोडलेला असावा लागतो. सुरुवातीच्या गर्दीत कुणाचा पाय गॉगलवर लागतो, लाट तोंडावर येते, एक श्वास चुकतो. न सोडलेल्या हवेमुळे छाती भरल्यासारखी होते, माणूस डोकं वर काढतो, डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि तरंगायलाच दुप्पट कष्ट पडू लागतात. काही सेकंदांपूर्वी उत्तम चाललेलं पोहणं असं मोडतं. या साखळीत दमाचा, स्नायूंचा, सायकलवर कमावलेल्या ताकदीचा कुठेच उपयोग होत नाही.

धावणाऱ्यांना आणि सायकलपटूंना हे पटायला जड जातं, कारण त्यांच्या खेळात मेहनतीचं फळ सरळ मिळतं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे, आणि वेग वाढवायला गेलं की विरोध वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताकद किती लावली यापेक्षा ती कुठे वाया गेली हा प्रश्न मोठा ठरतो. डच संशोधक टूसाँ यांनी १९९० मध्ये स्पर्धात्मक जलतरणपटू आणि ट्रायथलीट यांची तुलना केली. पाणी मागे ढकलण्यात खर्च केलेल्या शक्तीपैकी जलतरणपटूंची सुमारे ६१ टक्के शक्ती पुढे जाण्यासाठी कामी येत होती, ट्रायथलीटांची ४४ टक्के. दमात फरक नव्हता, हाताच्या कामात होता. जलतरण तलावातला सराव आणखी एका बाबतीत फसवतो. २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला पाय लावून पुढे सरकणं. त्या धक्क्याने दर वेळी पाच मीटर फुकट मिळतात असं धरलं, तर जवळपास पावणेचारशे मीटर पोहलेलेच नसतात. शिवाय दर पंचवीस मीटरला भिंत आहे ही खात्री मनाशी असतेच. तळावरची काळी रेघ दिशा दाखवते, पाणी स्वच्छ आणि स्थिर असतं, लेनच्या दोऱ्यांमुळे शेजाऱ्याचा हात लागत नाही. खुल्या पाण्यात या चारही गोष्टी एकदम नाहीशा होतात. ‘मला दोन किलोमीटर पोहता येतं’ या वाक्याचा अर्थ तलावात एक आहे आणि मांडवीच्या मुखाशी दुसरा.

यावर अनुभवी मंडळी एक सडेतोड आक्षेप घेतात, आणि तो हिशेबाने बरोबर आहे. चाळिशीत पोहायला शिकलेल्या माणसाने वर्षभर तलावात घाम गाळला तरी त्याची वेळ पाच-दहा मिनिटांनी सुधारेल; तेवढेच तास सायकलला दिले तर अर्धा तास वाचेल. नोकरी-धंदा आणि घर सांभाळून आठवड्याला दहा-बारा तास मिळवणाऱ्याने ते जिथे जास्त परतावा आहे तिथेच घालावेत, असं ते म्हणतात. वेगापुरतं हे मला मान्य आहे. पण मी पोहण्याला अग्रक्रम मागतेय तो वेगासाठी नाही, शांतपणासाठी. आणि शांतपणाचा परतावा पुढच्या दोन टप्प्यांत मिळतो, याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या पीलिंग, बिशप आणि लँडर्स यांनी २००५ मध्ये छोट्या अंतराच्या ट्रायथलॉनवर एक नेटका प्रयोग केला. त्याच खेळाडूंनी ७५० मीटर एकदा जीव तोडून, एकदा थोडं राखून आणि एकदा आपल्या सर्वोत्तम वेगाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर पोहून पुढची शर्यत केली. पाण्यात वेळ गमावूनही तिसऱ्या पद्धतीत एकूण वेळ सर्वांत चांगली आली, कारण सायकल जोरात चालली. लांब शर्यतीत याला खाण्यापिण्याची बाजू जोडली जाते. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा सुमारे दोन हजार किलोकॅलरींचा, आणि काम त्याच्या कितीतरी पट. म्हणून सायकलवर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, आणि त्यांची सुरुवात पहिल्याच तासात करावी लागते. खारं पाणी गिळून, मळमळत, वाढलेल्या ठोक्यांनी बाहेर आलेल्या माणसाला तो पहिला तास खाता येत नाही. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला येणारी भोवळ पुष्कळदा पाण्यातून उचललेली असते.

राहिला प्रश्न हे शिकायचं कसं. पहिला टप्पा तलावातलाच आहे, पण तिथे मैल मोजायचे नाहीत. आठवड्यातून एकदा दीड तास दमून पोहण्यापेक्षा तीन-चार वेळा पाऊण तास, अंग ताजं असताना, छोट्या छोट्या अंतरांत आणि कुणी जाणत्याने बाहेरून पाहत असताना पोहणं जास्त कामाचं, कारण हाताची चुकीची सवय थकव्यात घट्ट होत जाते. पाण्यात श्वास पूर्ण सोडणं, डोकं खाली ठेवून शरीर आडवं राखणं, दोन्ही बाजूंना श्वास घेता येणं एवढं जमलं की वेग आपोआप थोडा येतो. दोन्ही बाजूंचा आग्रह नुसता शोभेचा नाही; समुद्रात ज्या बाजूने लाट येते त्या बाजूला तोंड उघडता येत नाही. यानंतर तलावातच खुल्या पाण्याची तालीम करता येते. मधल्या मधल्या फेऱ्या भिंतीला न शिवता वळायच्या. एकाच लेनमध्ये चौघांनी अंगाला अंग लागेल असं पोहायचं. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण पाहायची आणि लगेच बाजूला श्वास घ्यायचा. हे ‘साइटिंग’ ज्याला येत नाही, तो पिवळ्या बोयाऐवजी भलतीकडे जातो आणि १.९ किलोमीटरचे दोन-सव्वादोन करतो. पुढच्या पोहणाऱ्याच्या पायामागे राहून पोहलं की श्रम कमी होतात, आणि सायकलच्या टप्प्यात जे नियमबाह्य आहे ते पाण्यात चालतं. तेही शिकून घ्यावं. सर्वांत महत्त्वाची तालीम मात्र थांबण्याची आहे. पाठीवर उलटून तरंगायचं, श्वास मोजत खाली आणायचा, ब्रेस्टस्ट्रोकने चार हात मारायचे आणि पुन्हा फ्रीस्टाइलवर यायचं. मुद्दाम गॉगलमध्ये पाणी घेऊन, मुद्दाम दम लागेपर्यंत पोहून हे पुन्हा पुन्हा करायचं, म्हणजे शर्यतीत वेळ आली की शरीराला ते आठवतं. बऱ्याच जणांना नियम ठाऊक नसतो की कयाक, तराफा किंवा बोया धरून विश्रांती घेतल्याने माणूस बाद होत नाही. त्याला धरून पुढे सरकलं नाही म्हणजे झालं.

सायकल आणि धावण्याच्या सरावाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे दोनच गोष्टी पुरेत. नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंचा सराव तपासला तेव्हा त्यांच्या सुमारे ८० टक्के सराव-सत्रांचा जोर हलका, बोलता येईल इतपत असल्याचं आढळलं. हौशी खेळाडू बहुधा ना हलका ना जोरकस अशा मधल्या पट्टीत अडकून दमत राहतो. आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या थोडं धावणं, ज्याला या खेळात ‘ब्रिक’ म्हणतात, ते दर एक-दोन आठवड्यांनी केलं की जड पायांची ओळख होते. ही तयारी सहा-आठ महिन्यांत आकार घेते. पाण्याची ओळख इतक्या ठरीव वेळात होत नाही, म्हणून ती आधी सुरू व्हावी.

मिलिंद सोमण यांचं उदाहरण आपल्याकडे वारंवार दिलं जातं. २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन त्यांनी १५ तास १९ मिनिटांत पुरी केली, आणि महाराष्ट्रात कितीतरी मध्यमवयीन माणसांनी त्यानंतर बूट बांधले. २०१७ मध्ये पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समधली शर्यत पुरी केल्यावर सरकारी सेवेतल्या अनेकांना तसाच हुरूप आला. ही प्रेरणा खरी आणि चांगली आहे. पण सोमण ऐंशीच्या दशकातले राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू होते, हा तपशील कौतुकाच्या भरात गळतो. झुरिकच्या सरोवरात उतरले तेव्हा त्यांच्या पाठीशी पाण्यातली कित्येक वर्षं होती. वय हा अडथळा नाही, हे त्या उदाहरणावरून बरोबर सिद्ध होतं. वर्षभरापूर्वी पोहायला शिकलेल्याने त्याच वाटेने जावं, हे मात्र सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप असा की धोका मुळात फार छोटा आहे आणि मी तो फुगवते आहे. हॅरिस यांच्या अभ्यासात सरासरी दर लाख सहभागींमागे १.७४ इतकाच आहे. मॅरेथॉनमध्ये हृदय अचानक बंद पडण्याचा दरही लाखामागे एकाच्या आसपास येतो, आणि मॅरेथॉनला कुणी मरणखेळ म्हणत नाही. ही तुलना योग्य आहे आणि कुणी घाबरून घरी बसावं असं मला अजिबात वाटत नाही. पण सरासरीच्या आत पाहिलं की चित्र बदलतं. त्याच अभ्यासात चाळिशीतल्या पुरुषांचा दर लाखामागे सहाच्या वर आहे, पन्नाशीतल्यांचा नऊच्या वर, साठीपुढच्यांचा अठराच्या वर. आपल्याकडे या शर्यतींना उतरणारे डॉक्टर, उद्योजक, पोलीस अधिकारी, आयटीतले व्यवस्थापक पुष्कळदा याच वयाचे असतात, आणि त्यांच्यातले कित्येक पोहायला उशिरा शिकलेले. सरासरी त्यांच्यासाठी नाही.

मग हृदयाची तपासणी सक्तीची करा, पोहण्याला कशाला दोष देता, असं डॉक्टर मंडळी विचारतील. तपासणी हवीच; चाळिशीनंतर रक्तदाब आणि हृदय पाहिल्याशिवाय नाव नोंदवणं चूक आहे. पण हॅरिस यांच्या अभ्यासात ज्या ६१ बळींच्या शवविच्छेदनाचा तपशील मिळाला, त्यांच्यातल्या २७ जणांच्या हृदयात किंवा रक्तवाहिन्यांत महत्त्वाचा दोष सापडला. उरलेल्या निम्म्याहून अधिकांत तसं काही नव्हतं. शिवाय दोष असलेल्यांच्या बाबतीतही प्रश्न उरतोच की तेच हृदय सायकलवर सहा-सात तास चालणारं असताना पाण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात का बंद पडतं. पाण्यातला ताण, धाप आणि घबराट हीच ठिणगी असेल, तर ती कमी करण्याचा हुकमी उपाय म्हणजे पाण्याची सवय. एक उपाय दुसऱ्याची जागा घेत नाही.

आयोजकांचे जीवरक्षक आणि कयाक असतात, हे उत्तर मला सर्वांत कमी पटतं, जरी त्यांचं काम मोलाचं असलं तरी. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर टिकवण्यातच त्याचे हात गुंततात, आणि शेकडो एकसारख्या टोप्यांमध्ये एक टोपी थबकली हे लांबून कळायला जो वेळ जातो तोच निर्णायक असतो. आयर्नमॅनच्या आयोजकांनी २०१३ पासून काही चांगले बदल केले: सगळ्यांनी एकदम पाण्यात उडी घेण्याऐवजी थोड्या थोड्या जणांना सोडणं, विश्रांतीसाठी तराफे ठेवणं. गर्दीची घबराट त्याने नक्कीच कमी होते. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या यॉल इथे, वादळानंतरच्या खवळलेल्या समुद्रात, अंतर कमी करूनही दोन स्पर्धक पोहताना दगावले. एक चाळिशीतला होता, दुसरा साठीतला. पाण्यात उतरायचं की नाही हा निर्णय आयोजकाने घेतलेला असला तरी खेळाडूलाही तो स्वतःचा स्वतः घेता आला पाहिजे, आणि त्यासाठी पाणी वाचता आलं पाहिजे.

सर्वांत गंभीर आक्षेप आपल्या भूमीतला आहे. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. अशा देशात लोकांना खुल्या पाण्यात सरावाला पाठवायचं का? धरणांच्या जलाशयांत अनेक ठिकाणी पोहायला बंदी आहे आणि ती सकारण आहे. तळाचा गाळ, बुडालेली झाडं, दरवाज्यांजवळची ओढ वरून दिसत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर समुद्रात पोहण्याचा विचारही करू नये. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या लोटतात, त्यानंतरही समुद्र लगेच निवळत नाही. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, म्हणजे तिच्या तोंडावर समुद्रातल्या सरावाला जेमतेम काही आठवडे उरतात, आणि पावसाळ्यानंतरच्या त्या दिवसांत जेलीफिशही किनाऱ्याजवळ असतात. यातून निघणारा निष्कर्ष सराव टाळण्याचा नाही, तो वर्षभर आधी आखण्याचा आहे. आदल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात समुद्र, पावसाळ्यात तलावातली तालीम, आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा खुलं पाणी. आपल्याकडे याची परंपराही आहे. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत उड्या मारत पोरं पोहायला शिकत, कृष्णा आणि पंचगंगेच्या काठची गावं नदीत पोहून मोठी झाली. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यभरातली मुलं सागरी जलतरणासाठी जमतात. धरमतर ते गेटवे हे ३६ किलोमीटरचं अंतर पोहणाऱ्यांच्या पिढ्या महाराष्ट्रात झाल्या आहेत. या स्पर्धांमागे स्थानिक माणसांचं ज्ञान उभं आहे: भरती-ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, कुठल्या खडकाजवळ भोवरा होतो. शहरातला ट्रायथलीट बहुधा या जगाला अनोळखी असतो. त्याने एकट्याने, अनोळखी जागी, पहाटे उतरण्याऐवजी या मंडळींबरोबर, होडी सोबत घेऊन, कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधून उतरावं. पाच किलोमीटरच्या सागरी शर्यतीत एकदा भाग घेतला तरी १.९ किलोमीटरचा धाक बराचसा जातो.

आणि शर्यत भरवणाऱ्यांकडून एक ठोस मागणी करता येईल. इंग्लिश खाडी पोहू इच्छिणाऱ्याकडून तिथल्या संघटना आधी पुरावा मागतात: १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचं प्रमाणपत्र. नाव, पैसे आणि उत्साह पुरेसा मानला जात नाही, आणि त्यामुळे त्या खेळाची शान कमी झालेली नाही. पुण्याच्या रोहन मोरेसारख्या पोहणाऱ्यांनी ही चाळणी पार करूनच खाडी ओलांडली. ट्रायथलॉनलाही असंच काही लावता येईल. मागच्या वर्षभरात खुल्या पाण्यात, देखरेखीखाली, किमान दीड किलोमीटर सलग पोहल्याचं जलतरण संघटनेचं किंवा प्रशिक्षकाचं पत्र. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्यासाठी शर्यतीच्या आदल्या महिन्यात आयोजकांनीच कोल्हापुरात, मालवणात, पणजीत चाचणीचे दोन दिवस ठेवावेत. नोंदणी काहीशी घटेल आणि शुल्कावर चालणाऱ्या स्पर्धेला ते परवडणारं नाही, असं आयोजक म्हणतील. पहिल्या वर्षी घटेलही. पण चाचणीच्या निमित्ताने पाण्यात उतरलेले लोक पुढच्या वर्षी परत येतील, त्यांच्यासाठी होड्या आणि प्रशिक्षक लागतील, आणि ज्या किनाऱ्यांवर आज वर्षातून एखादीच सागरी स्पर्धा होते तिथे हिवाळाभर दर रविवारी सरावाचा गट उभा राहील. चिवल्याच्या किनाऱ्यावर अशा गटासाठी लागणारी माणसं, होड्या आणि जाण आधीपासून आहेत. त्यांना बोलावणं मात्र स्पर्धेच्या आयोजकांकडून जायला हवं.